सामाजिक शास्त्रांच्या अनुदानासाठी कोणी बोलायचं आणि काय बोलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठीची सरकारी तरतूद पुढच्या अर्थसंकल्पात कापली जाणार अशी कुणकुण आहे. तुमची संघटना निवेदन देणार आहे. त्यात काय लिहावं, कोणाला भेटावं आणि ‘आमच्या संशोधनाचा देशाला फायदा होतो’ हे किती ठासून सांगावं? मी आधी अनुदान मागणारा होतो, मग छाननी समितीत बसून ते नाकारणारा झालो आणि नंतरची बरीच वर्षं संघटनेच्या वतीनं सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो. त्यामुळे काही गोष्टी रोखठोक सांगतो.

तुमच्या मसुद्याचं पहिलं वाक्य ‘समाजाच्या सर्वांगीण विकासात सामाजिक शास्त्रांचं स्थान अनन्यसाधारण आहे’ असं आहे. ते काढून टाका. हे वाक्य कोणत्याही विषयाबद्दल लिहिता येतं आणि अर्थखात्यातला अधिकारी दिवसभर अशीच वाक्यं वाचत असतो. दुसरी अडचण मोठी आहे. खालच्या सगळ्या सह्या प्राध्यापकांच्या आहेत. संशोधकांनीच संशोधनासाठी पैसा मागितला की ऐकणाऱ्याला ती पगारवाढीची मागणी वाटते. त्यात त्याची चूक नाही. पूल बांधणारा कंत्राटदार नवे पूल किती आवश्यक आहेत हे सांगायला आला, तर आपणही ते मीठ-मिरची वजा करूनच ऐकतो.

म्हणून माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो. तुमच्या कामाचा वापर करणारी जी माणसं संशोधक नाहीत, त्यांना पुढे करा. आणि पैशाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, पैसा कोणत्या वाटेनं येतो यासाठी भांडा.

पहिल्या मुद्द्याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅनडाचं आहे. २०१० च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारनं जनगणनेचा सविस्तर, सक्तीचा फॉर्म रद्द केला आणि त्याजागी ऐच्छिक पाहणी आणली. कारण दिलं खासगीपणाचं: घरात खोल्या किती, कामाला जायला वेळ किती लागतो, हे सरकारनं का विचारावं? सक्तीच्या पाहणीची जागा ऐच्छिक पाहणी घेऊ शकते का, या प्रश्नाला ‘नाही’ असं जाहीर उत्तर देऊन देशाचे मुख्य सांख्यिकी अधिकारी मुनीर शेख यांनी राजीनामा दिला. संख्याशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ विरोध करणार हे सरकारनं गृहीतच धरलं असेल. पण नगरपालिका, डॉक्टर, उद्योगसंघटना, धार्मिक संस्था, अल्पसंख्य भाषकांच्या संघटना असे एरवी एका व्यासपीठावर न दिसणारे लोक एकच मागणी करू लागले. बस कुठून कुठे सोडायची, दवाखाना कुठे काढायचा, दुकान कुठे थाटायचं, हे सगळं त्या फॉर्मवर चालत होतं.

सरकार तेव्हा बधलं नाही. २०११ च्या ऐच्छिक पाहणीला प्रतिसाद सुमारे ६९ टक्के मिळाला. त्याआधीच्या सक्तीच्या फॉर्मला तो ९० टक्क्यांच्या वर होता. लहान गावांचं नुकसान सर्वांत जास्त झालं. हजाराहून अधिक ठिकाणांची माहिती भरवशाची नाही म्हणून सांख्यिकी खात्यानं प्रसिद्धच केली नाही. २०१५ च्या अखेरीस सरकार बदललं आणि सक्तीचा फॉर्म लगेच परत आला. २०१६ मध्ये त्याला जवळजवळ ९८ टक्के प्रतिसाद मिळाला. इतक्या झटपट निर्णय झाला, कारण तो घेण्यासाठी कोणाचं मन वळवायचं उरलंच नव्हतं. पाच वर्षं नगरपालिकाच ओरडत होत्या. २०११ चं भगदाड मात्र कायमचं राहिलं. ते वर्ष पुन्हा येणार नाही.

तेव्हा पहिलं काम निवेदन लिहिणं नाही, माणसं शोधणं. ते कंटाळवाणं आहे आणि त्यासाठी कोणी तुमची पाठ थोपटणार नाही. तुमच्या पाहण्यांचे आकडे गेल्या काही वर्षांत कोणी मागवले याची यादी काढा. न्यायालयांचे निकाल, आयोगांचे अहवाल, विभागांच्या धोरणपत्रांतल्या तळटीपा चाळा. तुमचा आकडा तिथे असतो, पण तुमच्या नावानं नसतो. दुसऱ्या कोणत्या तरी अहवालाच्या मार्फत तो पोचलेला असतो. तो माग उलटा काढत गेलात की ज्यांचं नावही ऐकलं नव्हतं असे वापरकर्ते सापडतात: एखादी विमा कंपनी, रुग्णालयाच्या नियोजनातला माणूस, एखादी कामगार संघटना. त्यांना भेटा आणि एवढंच विचारा, ‘हे उद्या बंद झालं तर तुमचं काय अडेल?’ उत्तर त्यांना त्यांच्याच शब्दांत लिहू द्या. तुम्ही मसुदा करून त्यांच्या सह्या घेऊ नका. एकाच साच्यातली दहा पत्रं आली की अधिकारी ती एकच धरतो, आणि बरोबरच करतो.

आता फायद्याच्या आश्वासनाकडे वळतो. इथे लोक हमखास घसरतात.

आमच्या क्षेत्रात एक लाडकी गोष्ट आहे. अमेरिकेत रेडिओ लहरींचे परवाने पूर्वी सुनावण्या घेऊन आणि नंतर चक्क सोडत काढून वाटले जात. १९९४ पासून त्यांचे लिलाव सुरू झाले. लिलावाची रचना करताना अर्थशास्त्रज्ञांच्या खेळ-सिद्धान्तावरच्या (समोरचा काय करेल हे धरून माणसं डाव कसे आखतात, याच्या अभ्यासावरच्या), बऱ्याच अंशी सरकारी अनुदानावर झालेल्या कामाचा आधार घेतला गेला. त्यातून सरकारी तिजोरीत अब्जावधी डॉलर आले. रचनाकारांपैकी पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गोष्ट खरी आहे, ऐकायला झकास आहे आणि कोणत्याही अर्थमंत्र्याचे डोळे चमकवणारी आहे.

पण ती सांगताना आपण कोणती फूटपट्टी समोरच्याच्या हातात देतोय हे बघा. मोजमाप पैशात होणार असेल, तर लिलावाचं अर्थशास्त्र टिकेल आणि मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्राचा निम्मा भाग त्याच फूटपट्टीनं मोजून बाहेर काढला जाईल. ही नुसती भीती नाही. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत सिनेटर टॉम कोबर्न यांची दुरुस्ती मंजूर झाली: संशोधनाला सरकारी पैसा वाटणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं राज्यशास्त्राच्या ज्या प्रकल्पांमुळे राष्ट्रीय सुरक्षा किंवा आर्थिक हित साधतं असं प्रमाणपत्र देता येईल, त्यांनाच पैसा द्यावा. रक्कम किती होती? वर्षाला साधारण १ कोटी डॉलर, संस्थेच्या ७ अब्जांच्या आसपासच्या अंदाजपत्रकात. बचत नगण्यच. त्या वर्षी राज्यशास्त्राची अर्जांची एक फेरीच रद्द झाली. अट जानेवारी २०१४ मध्ये गेली. न्यूझीलंडमध्ये डिसेंबर २०२४ ला आणखी एक पाऊल पुढे टाकलं गेलं: मार्सडन फंड या मूलभूत संशोधनाच्या निधीतून मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या समित्याच बरखास्त झाल्या, आणि निम्मा निधी आर्थिक लाभ दाखवणाऱ्या प्रस्तावांना जाईल असं ठरलं.

म्हणून लिलावाची गोष्ट सांगायचीच असेल तर एकटी सांगू नका. तिच्याशेजारी इबोलाची ठेवा. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत साथ पसरली तेव्हा मृताला अंघोळ घालून, हात लावून निरोप देण्याच्या प्रथेतून संसर्ग वाढत होता. पांढऱ्या पोशाखातली पथकं प्रेतं उचलून नेऊ लागली तशी कुटुंबं आजारी माणसं लपवू लागली. मग मानववंशशास्त्रज्ञांना विचारलं गेलं: प्रथेतला कोणता भाग कुटुंबाला सोडताच येत नाही आणि कोणता बदलता येतो? जागतिक आरोग्य संघटनेनं त्या वर्षी ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफना’ची कार्यपद्धती काढली, ती अशा सल्ल्यातून. सल्ला देणाऱ्यांतल्या काहींनी सिएरा लिओनच्या खेड्यांत वर्षानुवर्षं भातशेतीचा आणि नात्यागोत्यांचा अभ्यास केला होता. त्यांच्या अर्जात साथीचा उल्लेख असण्याचं कारणच नव्हतं.

उपयोग आधी दाखवा, मग पैसा देतो, या अटीला यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. फार तर ब्रिटनमधल्या जन्मगटांच्या पाहण्यांचं. मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या बाळांच्या मातांना प्रश्न विचारले गेले, कारण तेव्हा चिंता होती घटत्या जन्मदराची आणि बाळंतपणाच्या खर्चाची. त्यातल्या ५,३६२ मुलांचा माग पुढे घेत राहिले. ती मुलं आता ऐंशीच्या घरात आहेत आणि तीच पाहणी आज म्हातारपण कसं येतं, स्मृती कशी ढासळते, लहानपणीची गरिबी साठाव्या वर्षी शरीरावर कशी दिसते, यासाठी वापरली जाते. १९४६ मध्ये कोणी ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’च्या रकान्यात हे लिहिलं असतं तर अर्ज फेटाळला गेला असता. असे राष्ट्रीय जन्मगट नंतर १९५८ आणि १९७० मध्येही घेतले गेले, पण त्यापुढचा थेट २०००-०१ चा. मधल्या तीस वर्षांत, म्हणजे बेकारीच्या आणि मोठ्या आर्थिक उलथापालथीच्या काळात, जन्मलेल्या मुलांचा तसा गट नाही. आता कितीही पैसा ओतला तरी तो तयार करता येणार नाही.

तुमच्या निवेदनात एकच मागणी ठळक करायची असेल तर ती दीर्घकालीन पाहण्यांची करा. प्रयोगशाळेतलं यंत्र दोन वर्षं बंद ठेवून पुन्हा सुरू करता येतं. माणसांच्या गटाचा माग एकदा सुटला की पत्ते बदलतात, फोन बदलतात, विश्वास जातो. हे अधिकाऱ्याला पटतं. शिवाय ते पोकळ नाही, खरंच आहे.

दुसरा मुद्दा: पैसा कोणत्या वाटेनं यावा. १९८१ मध्ये ब्रिटनचे शिक्षणमंत्री झालेले कीथ जोसेफ यांना तिथली सामाजिक शास्त्र संशोधन परिषद नकोशी होती. त्यांनी चौकशी लॉर्ड रॉथशील्ड यांच्याकडे सोपवली. रॉथशील्ड प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांनीच १९७१ मध्ये असं तत्त्व मांडलं होतं की उपयोजित संशोधन ज्या खात्याला हवं, त्यानं गिऱ्हाईक होऊन ते विकत घ्यावं. परिषद संपली असं सगळ्यांनी धरलं. १९८२ च्या अहवालात त्यांनी उलटंच म्हटलं: सामाजिक संशोधनातलं पुष्कळसं राजकीय वादाचाच विषय असतं, म्हणून ते सरकारी खात्यांपासून स्वतंत्र असणं विशेष गरजेचं आहे. खातं गिऱ्हाईक असेल तर स्वतःच्या योजनेवर टीका विकत कशाला घेईल? परिषद वाचली, पुढे तिचं नाव बदललं. परिषद वाचवली ती समाजशास्त्रज्ञानं नाही, हेही लक्षात ठेवा. तुमच्या शिष्टमंडळात एखादा भौतिकशास्त्रज्ञ, एखादी डॉक्टर असायला हवी.

ब्रिटननं १९६५ मध्ये आणि भारतानं १९६९ मध्ये अशा परिषदा काढल्या, त्यामागे पैसा सरकारचा पण निवड तज्ज्ञांची, हाच विचार होता. निवड थेट मंत्र्याच्या टेबलावरून झाली की काय होतं हे ब्रिटनमध्येच १९८९ मध्ये दिसलं. एड्स पसरत होता, तो किती वेगानं पसरेल याचा अंदाज बांधायला लोकांच्या लैंगिक वर्तनाची माहितीच नव्हती. मोठ्या पाहणीची तयारी झाली आणि थॅचर सरकारनं पैसा नाकारला. शेवटी वेलकम ट्रस्ट या खासगी न्यासानं तो दिला, आणि जवळपास १९,००० लोकांच्या मुलाखती झाल्या. पुढच्या फेऱ्यांना सरकारी पैसाही मिळाला, म्हणजे उपयोग नाकारता येण्यासारखा नव्हताच. पण असा न्यास प्रत्येक वेळी, प्रत्येक देशात उभा असेलच असं नाही.

दाता चुकला तर काय होतं याचाही एक धडा आहे. १९६४ मध्ये अमेरिकी लष्करानं ‘कॅमेलॉट’ नावाचा प्रकल्प आखला. विकसनशील देशांत अंतर्गत बंड का होतात, याचा अभ्यास. पैसा भरपूर होता. १९६५ मध्ये चिलीत त्याचा बोभाटा झाला, संशोधक हेर ठरले, प्रकल्प गुंडाळला गेला, आणि नंतर लॅटिन अमेरिकेत परदेशी संशोधकांकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं. तेव्हा ‘कोणत्याही खात्याकडून का होईना, पैसा येऊ दे’ असं निवेदनात चुकूनही लिहू नका.

भेटीत तुमच्यावर दोन आरोप हमखास होतील. पहिला, हे सगळं तर सामान्यज्ञान आहे, त्याला संशोधन कशाला? त्यावर वाद घालू नका, उदाहरण द्या. गुन्ह्याच्या वाटेला लागलेल्या पोरांना तुरुंग दाखवावा, कैद्यांकडून दम भरावा, म्हणजे ती सुधारतील, हे कोणालाही पटेल. अमेरिकेत अशा योजना धडाक्यात चालल्या. चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेल्या नऊ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिसलं की तुरुंग पाहून आलेली मुलं न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे करत होती. सामान्यज्ञानानं पैसा खर्च करून गुन्हे वाढवले होते. ‘हे चालत नाही’ असं सांगणारं संशोधन सरकारचे किती पैसे वाचवतं, याचा हिशेब आपण मांडत नाही. मांडायला हवा.

दुसरा आरोप जास्त बोचतो: तुमचे निष्कर्ष टिकत नाहीत. हा उडवून लावू नका, कारण त्यात तथ्य आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष पुन्हा मिळाला. ही तपासणी बाहेरच्या कोणी केली नाही, मानसशास्त्रज्ञांनीच केली, आणि त्यानंतर अभ्यासाचा आराखडा आधी नोंदवणं, आकडे खुले ठेवणं अशा पद्धती रुळू लागल्या. एवढं प्रामाणिकपणे सांगा आणि त्याला जोडून मागा: फेरतपासणीच्या कामाला कोणी पैसा देत नाही, तो द्या. टीका करायला आलेला अधिकारी अशा मागणीकडे मन लावून बघतो, हा माझा अनुभव आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, घाईघाईत. शीर्षकं तपासा. १९७५ मध्ये अमेरिकेतले सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी सरकारी उधळपट्टीसाठी ‘गोल्डन फ्लीस’ हा टिंगलीचा पुरस्कार काढला, आणि पहिलाच दिला तो माणसं प्रेमात का पडतात या ८४,००० डॉलरच्या अभ्यासाला. शीर्षक आणि रक्कम एवढंच वाचून टिंगल करता येते. उत्तर द्यायला मात्र तीन परिच्छेद लागतात. (२०१२ पासून तिथे ‘गोल्डन गूस’ नावाचा उलटा पुरस्कार देतात, विचित्र वाटलेल्या पण उपयोगी ठरलेल्या संशोधनाला. उत्तर यायला ३७ वर्षं लागली.) अर्जाचा सारांश लोकप्रतिनिधीच्या सहायकानं वाचला तर त्याला काय वाटेल, हे संशोधकाला अर्ज करतानाच विचारायची सवय लावा.

वेळ महत्त्वाची. अर्थसंकल्प मांडला गेला की तुमचं निवेदन श्रद्धांजलीच्या कामाचं उरतं. खात्याची मागणी अर्थखात्याकडे जाण्यापूर्वी, म्हणजे बऱ्याचदा कित्येक महिने आधी, तिथल्या मधल्या फळीतल्या माणसाला भेटा. मंत्र्यासोबत फोटो निघतो; आकडा ठरवणारं टिपण मधल्या फळीतला माणूस लिहितो. त्याला एक पान द्या. त्यावर सध्याची रक्कम, मागितलेली रक्कम, आणि ती न मिळाल्यास कोणती पाहणी कोणत्या महिन्यात थांबेल, एवढंच. ‘पुरेसा निधी’ असं लिहिलंत तर तो स्वतः ‘पुरेसा’ ठरवेल. आणि दरवर्षी जा, काही मागायचं नसतानाही. अमेरिकेतल्या सामाजिक शास्त्र संघटनांनी १९८१ मध्ये, रेगन सरकारच्या कपातीच्या धक्क्यानंतर, मिळून वॉशिंग्टनमध्ये कायमचं कार्यालय चालवायला घेतलं, ते अजून चालू आहे. राज्यशास्त्रावरची २०१३ ची अट वर्षभरात हटली, त्यामागे अशी सतत राबणारी यंत्रणाही होती.

पुराव्यानं सगळं वाचतं असंही समजू नका. मेक्सिकोनं १९९७ मध्ये गरीब कुटुंबांना, मुलं शाळेत आणि दवाखान्यात पाठवण्याच्या अटीवर, रोख मदत द्यायची योजना सुरू केली आणि पहिल्या दिवसापासून ५०६ गावांत तिचं मूल्यमापन लावलं. २००० मध्ये एकाच पक्षाची ७१ वर्षांची सत्ता उलटली, तरी योजना टिकली, वाढली, आणि त्यात त्या मूल्यमापनाचा मोठा वाटा होता. २०१९ मध्ये नव्या सरकारनं ती तरीही बंद केली. मधल्या वीस वर्षांत मात्र अनेक देशांनी तिची नक्कल केली होती.

शेवटी, कपात झालीच तर काय? सगळ्यांवर सारखी कात्री चालवू नका. ते न्याय्य दिसतं म्हणून संघटना तेच करतात, आणि सगळंच अर्धमेलं होतं. छोटे, सुटे प्रकल्प वर्षभर थांबू शकतात. त्यांना थांबवा आणि तसं त्या संशोधकांना स्पष्ट सांगा. चालू पाहण्यांची फेरी चुकवू नका. प्रश्नावली निम्मी करा, मुलाखत समोरासमोरऐवजी फोनवर घ्या, पण त्याच माणसांशी संपर्क ठेवा. क्षेत्रकार्य करणारी अनुभवी पथकं मोडू देऊ नका, कारण दार उघडणाऱ्या माणसाशी पहिल्या मिनिटात कसं बोलायचं हे पुस्तकातून शिकवता येत नाही. जुने आकडे नीट सांकेतिक करून, टिपांसह अभिलेखागारात जमा करा. आणि जे थांबलं त्याची तारीखवार नोंद ठेवा. पुढच्या वर्षीच्या एका पानावर तीच लागणार आहे.